उघड्या तेलावर बोलू नये

१४ नोव्हेंबर, गुरुवार. आभाळ निरभ्र, वारा नाही, थंडी कडक. हवेत ओल अगदी कमी. तेलाच्या कामाला अशीच रात्र लागते.

सबस्टेशनच्या यार्डातल्या एका ट्रान्सफॉर्मरच्या तेलाने ओल धरली होती, म्हणून संध्याकाळपासून फिल्टर मशीन लावलं होतं. तेल तापवायचं, त्यातलं पाणी ओढून घ्यायचं, तेल परत टाकीत सोडायचं. हे तासन्‌तास चालतं आणि माणसांनी नुसतं बसून राहायचं असतं. टेस्टरूममध्ये आम्ही चौघे होतो. मशीन चालवणारे मिस्त्री, मशीनचा ट्रक आणणारा ड्रायव्हर, नुकतीच रुजू झालेली इंजिनिअर आणि कंट्रोल रूमचा मी. तेलाचा वास कोंडू नये म्हणून खिडक्या सताड उघड्या होत्या. बोलताना सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मध्यरात्री धाकटे टेस्टर येऊन तेलाचं सॅम्पल घेणार होते आणि पास झालं तरच मशीन बंद करायचं होतं.

टेबलावर टेस्टचा कप होता. तळाशी थोडं तेल, त्यात समोरासमोर दोन पितळी गोळ्या. ड्रायव्हर त्यावर वाकला आणि म्हणाला, "एवढ्याशा वाटीत काय कळतं हो तेलाचं?"

"आधी तोंड मिट," मिस्त्री म्हणाले.

"आँ?"

"मिट म्हणतो ना. मागे हो. उघड्या तेलावर बोलू नये."

इंजिनिअर हसली. "काका, ते टाकून द्यायचं तेल आहे. आणि कारण साधं आहे, श्वासातली ओल तेलात जाते."

"कारण साधंच आहे, बाई," मिस्त्री म्हणाले. "गोष्ट साधी नाही."

ड्रायव्हरने लगेच खुर्ची पुढे ओढली. "भुताची आहे का?"

"तू ठरव. ज्याच्यावर गुदरली तो जिवंत आहे. मी त्या रात्री यार्डात होतो आणि बाकीचं त्याने स्वतः मला सांगितलं. एकदाच. परत कधी विषय काढला नाही. आणि बारा वाजता तो या दारातून आत येईल, तेव्हा कृपा करून थोबाडं सरळ ठेवा."

मग मिस्त्रींनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो.

*

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरची तीन तारीख, मंगळवार. अशीच कोरडी थंडी.

या खोलीत पूर्वी दोन टेस्टर होते. एक थोरले, एक धाकटे. नात्यातले नव्हेत. एक आधी आला, एक नंतर, म्हणून आम्हीच तशी नावं पाडली. थोरल्यांचा एक नियम होता. कपात तेल ओतायला लागले की ते हात असा वर करायचे, तळवा पुढे. की खोली गप्प. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घ्यायचा. ओतून झालं, बुडबुडे बसले, झाकण लागलं, की मग हात खाली. एकदा मोठे साहेब आले होते, त्यांना नेमकी तेव्हाच शिंक आली. नाक दाबून दाबून साहेब टोमॅटोसारखे लाल झाले, पण शिंकले नाहीत. असा दरारा.

कारण बाईंनी सांगितलंच. चष्म्यावर 'हाऽ' केलं की जेवढी ओल दिसते, तेवढी कपात गेली तरी काम बिघडतं. दोन गोळ्यांच्या मधल्या फटीत व्होल्टेज वाढवत न्यायचं. चांगलं तेल साठ किलोव्होल्टपर्यंत दम धरतं, ओल असलेलं पंचविसालाच ठिणगी देऊन मोकळं होतं.

धाकट्याचा हात थोरल्यांइतकाच चांगला. खरं सांगतो, तसूभर कमी नाही. पण लोक काय म्हणायचे? 'थोरल्यांच्या हाताखाली तयार झालाय.' म्हणजे काम याचं आणि शाबासकी त्यांना. हा हसून घ्यायचा. पण ते हसू ओठांच्या खाली उतरत नव्हतं.

पुढे थोरले छातीच्या दुखण्याने गेले. जन्मभर तेलावर श्वास रोखून धरला आणि शेवटी श्वासच पुरेना. हा हेड टेस्टर झाला. तरी नाव धाकटाच. थोरला नाही तर धाकटा कुणाच्या मानाने, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

दोन वर्षांनी त्याने थोरल्यांच्या बायकोशी लग्न केलं.

(इथे ड्रायव्हरने शीळ घातली. मिस्त्रींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.)

राजीखुशीचा मामला होता. वहिनी एकट्या, हा एकटा. त्यांना याचा स्वभाव आवडला, त्यांनी होकार दिला. आम्ही सगळे जेवून आलो. आमच्या त्या आधीही वहिनी होत्या, नंतरही वहिनीच राहिल्या. आम्हाला हाक बदलावी लागली नाही. ते आम्हाला सोयीचं वाटलं. त्याला खुपलं.

मेलेल्या माणसाचा मत्सर फार वाईट. जिवंत माणूस कधी ना कधी चुकतो, पडतो, लोकांच्या मनातून उतरतो. मेलेला चुकायचा थांबलेला असतो. तुम्ही त्याला हरवणार कसे?

आणि वहिनींनी खरं म्हणजे सगळं आवरून टाकलं होतं. भिंतीवर फोटो नाही, कपाटात सदरा नाही. नावसुद्धा घ्यायच्या नाहीत. कधी उल्लेख आलाच तर 'ते म्हणायचे' एवढंच. पण एक गोष्ट राहून गेली होती. चहा गाळताना त्या बोलायच्या थांबत. मधेच. वाक्य अर्धवट टाकून. श्वास रोखून कप भरायचा, गाळणं बाजूला ठेवायचं, मग हळूच श्वास सोडायचा आणि राहिलेलं वाक्य पुरं करायचं. टेस्टरशी संसार केलेली बाई. त्यांना स्वतःला ते ठाऊकही नव्हतं.

याला ठाऊक होतं. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. आपल्या घरात, आपल्या ओट्याशी, आपल्या चहावर त्या माणसाचा हुकूम चालतो.

मुद्दाम तेव्हाच काहीतरी विचारायचा. एकदा मी समोर बसलो होतो.

"साखर संपत आली का गं?"

वहिनींचा तळवा वर. असा. थोरल्यांसारखा. चहा गाळून झाला, तळवा खाली.

"आहे की अजून. का हो?"

"काही नाही."

चहा त्याने तसाच ठेवला. साय धरेपर्यंत. मला म्हणाला, "मिस्त्री, माझं एवढंच म्हणणं आहे. माझा चहा ओतताना तिने माझ्याशी बोलावं. फार मागतो का मी?" मी म्हटलं, "वेड्या, चहावरून कुणी रुसतं का?" पण ते चहाचं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

आता म्हातारी. म्हातारी म्हणजे गावाच्या पाण्याचे पंप चालवणारा तो कोपऱ्यातला जुना ट्रान्सफॉर्मर. थोरल्यांचा लाडका. जाण्याआधी ते म्हणून गेले होते, "म्हातारीला हात लावू नका. तिचं तेल नापास होणार नाही." बस. हा शब्द यार्डात देववाणी होऊन बसला. वॉचमनपासून साहेबापर्यंत सगळे तोच ऐकवायचे.

त्या वर्षी वरून हुकूम आला. म्हातारीच्या तेलाची टेस्ट घ्या. पास झाली तर चालू द्या. नापास झाली तर गाळत बसू नका, काढून टाका; नवा ट्रान्सफॉर्मर तयार आहे. रात्रीपुरती म्हातारी बंद ठेवायची परवानगी मिळाली. नापास झाली तर पहाटेपर्यंत तेल उपसायचं म्हणून मशीनसकट मला बोलावलं.

निघताना त्याने घरी सांगितलं, "आज रात्री म्हातारीची टेस्ट आहे."

वहिनी चहा गाळत होत्या. थांबल्या. कप भरला. मग म्हणाल्या, "पास होईल."

"कशावरून?"

"ते म्हणाले होते."

कप तसाच सोडून तो निघाला. मफलरही विसरला.

गेटवर वॉचमन भेटला. "काय धाकटे, थंडीत कशाला मरायला आलात? थोरल्यांचा शब्द आहे म्हातारीवर."

याच्या अंगाचा तिळपापड झाला. मला येऊन म्हणाला, "मिस्त्री, मशीन तयार ठेवा. आज लागणार आहे."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

सॅम्पल मात्र त्याने शिस्तीत घेतलं. खालचा नळ सोडला, पहिलं तेल वाहू दिलं, त्याच तेलाने बाटली विसळली, मग भरली. हात त्याचा होता, पण रीत थोरल्यांची. तेही त्याच्या ध्यानात आलं असेल. बाटली घेऊन तो या खोलीत आला. दार लावलं.

बूच काढलं. आणि जे करू नये म्हणून थोरल्यांनी शिकवलं होतं, नेमकं तेच केलं. बाटलीच्या तोंडाला तोंड लावलं, आणि चष्मा पुसताना करतात तसं... हाऽऽ.

बाटलीच्या गळ्यात आतून धुकं धरलं. त्याने बूच लावलं, बाटली हळूहळू उलटीसुलटी केली. म्हातारीत दोष नाही, हे त्याला माहीत होतं. त्याला म्हातारीला नव्हे, त्या शब्दाला नापास करायचं होतं. उद्या सगळे म्हणणार, थोरलेही चुकले. वहिनीही म्हणतील.

तेल कपात ओतलं. काचेचं झाकण ठेवलं. बुडबुडे बसू दिले. काटा चढू लागला. पंचवीस... तीस... चाळीस...

बासष्टला ठिणगी पडली.

बासष्ट! नवं, गाळलेलं तेल देतं बासष्ट. जुनं, श्वास मारलेलं नाही देत. टेस्ट सहा वेळा घ्यायची असते. दुसऱ्यांदा बासष्ट. तिसऱ्यांदा बासष्ट. सहाही वेळा बासष्ट. बाई, तुम्हाला माहीत आहे, सहा आकडे कधी सारखे येत नाहीत. थोडं वर, थोडं खाली होतंच. त्याला वाटलं, यंत्र बिघडलं. ड्रममधलं नवं तेल आणून लावलं. आकडे खालीवर आले, जसे यायला हवेत तसे. यंत्र ठीक होतं.

त्याने म्हातारीचं तेल पुन्हा ओतलं. या वेळी बाटलीत नाही, सरळ कपावर वाकला. हाऽऽ. हाऽऽ. घसा कोरडा पडेपर्यंत.

बासष्ट.

आता मी बाहेर काय ऐकत होतो ते सांगतो. ट्रान्सफॉर्मर श्वास घेतो हे माहीत आहे ना? तेल तापलं की फुगतं, हवा बाहेर जाते. निवलं की आक्रसतं, हवा आत येते. ती हवा एका छोट्या तेलाच्या वाटीतून जाते, म्हणून बुडबुडे ऐकू येतात. म्हातारी संध्याकाळपासून बंद होती. निवत होती. निवणारा ट्रान्सफॉर्मर फक्त आत घेतो. बाहेर सोडत नाही.

म्हातारी सोडत होती.

बुड बुड... आत. थांबली. बुड बुड... बाहेर. पुन्हा आत. मी बॅटरी मारून पाहिलं. वाटीतलं तेल एकदा या बाजूला चढायचं, एकदा त्या बाजूला. माझं मशीन बंद होतं. वारा नव्हता. छातीचं दुखणं असलेला माणूस घेतो ना... अडखळत... तसं.

मी तिथून हललो नाही. हलता आलं नाही.

इथे आत धाकट्याने चष्मा काढला. कपाळाला घाम आला होता म्हणून पुसायला. सवयीने काचेवर 'हा' केलं.

काच तशीच.

पुन्हा केलं. काच कोरडी. लख्ख.

तो खिडकीपाशी गेला. थंडगार तावदान. तोंड अगदी जवळ नेलं... काही नाही. श्वास चालू होता. छाती वर खाली होत होती. ओठांना हवा लागत होती. पण त्या हवेत ओल नव्हती. थेंबभर नव्हती.

मागे वळला.

कपावरच्या काचेच्या झाकणाला धुकं आलं होतं. आतून.

ते गेलं.

पुन्हा आलं.

गेलं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दार बंद. तेल शांत.

आलं... गेलं...

तो म्हणाला, "काय पाहिजे तुम्हाला?"

उघड्या... म्हणजे झाकण होतं, पण त्याने ते उचललं. उघड्या तेलावर, तोंड खाली घालून बोलला.

"नाव तुमचं. खोली तुमची. म्हातारी तुमची, शब्द तुमचा. मी हात धुतो तोही तुमच्यासारखा. अजून काय पाहिजे? चहासुद्धा... माझ्या घरात चहासुद्धा..."

झाकण त्याच्या हातात होतं. त्यावर धुकं आलं. गेलं.

"घ्या. पास म्हणून लिहितो. तुमचं खरं. सगळं यार्ड घ्या. पण..."

धुकं आलं.

आणि थांबलं.

गेलं नाही. वाढलं नाही. जसंच्या तसं. कुणीतरी श्वास रोखून धरावा... ऐकायला... तसं.

बाहेर म्हातारीही थांबली होती. मी शपथेवर सांगतो. एक बुडबुडा वाटीत अर्धवट फुगून उभा होता.

"घर माझं असू द्या," धाकटा म्हणाला.

...

...

मग वाटीतला बुडबुडा फुटला. त्यानंतर काही नाही. त्याने 'पास' लिहिलं आणि कप धुतला. बाहेर येऊन मला म्हणाला, "मशीन न्या. नाही लागणार." तो खांबावरच्या दिव्याच्या उजेडात उभा होता. मी त्याच्याशी बोललो, तो माझ्याशी बोलला. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते उमगलं नाही. खूप दिवसांनी उमगलं.

सकाळी घरी गेला. वहिनींनी चहा ठेवला. गाळणं धरलं. हा मान खाली घालून बसला होता. आणि वहिनी म्हणाल्या, "मफलर विसरून गेलात काल. मी गेटपर्यंत पाठवणार होते कुणाला तरी, पण म्हटलं आता कुठे शोधायचं. कान बघा कसे लाल झालेत..."

त्याने मान वर केली. चहा कपात पडत होता. वहिनी बोलत होत्या. कप भरला तरी बोलत होत्या. तळवा नाही, थांबणं नाही. सगळा चहा त्यांनी मफलरवर बोलत बोलत ओतला.

*

मिस्त्री थांबले. बाहेर मशीन घरघरत होतं.

"मग चांगलंच झालं की," इंजिनिअर म्हणाली. "मागितलं ते मिळालं."

"मिळालं ना."

"मग भीती कसली यात?"

"भीती आहे असं मी म्हटलं का?"

ड्रायव्हर म्हणाला, "काका, पण तो श्वास? चष्म्यावर यायचा बंद झाला होता तो? तो नंतर परत..."

दाराबाहेर पावलं वाजली.

धाकटे टेस्टर आत आले. गळ्यात हिरवा मफलर, हातात सॅम्पलची बाटली. नळावरून सॅम्पल घेऊन, तेल निवू देऊनच आले होते.

"काय रे," ते ड्रायव्हरला म्हणाले, "तोंड का असं झालंय? मिस्त्री भुतं सोडतायत वाटतं तुमच्या अंगावर. यांच्या मशीनपेक्षा यांचंच तोंड जास्त चालतं."

"वहिनी काय म्हणतात?" मिस्त्रींनी विचारलं.

"बोलतात. थांबतच नाहीत. सकाळी चहाला बसलो की घड्याळ बघावं लागतं." ते खुशीत हसले. "हा मफलर त्यांनीच विणला. आधीचा म्हणे फार पातळ होता."

त्यांनी बाटलीचं बूच काढलं. कप त्याच तेलाने विसळला आणि ओतायला घेतलं. त्यांचं बोलणं चालूच होतं. कोणती लोकर घेतली, रंग कसा पसंत पडेना, दोनदा कसा उसवला. तोंड कपावर, कपापासून वीतभर. इंजिनिअरचा हात अर्धा वर गेला, तळवा पुढे. मिस्त्रींनी तो हळूच धरून खाली केला. बुडबुडे बसेपर्यंत धाकटे टेस्टर वाकून, उघड्या तेलाकडे बघत बोलत राहिले. मग झाकण ठेवलं आणि बटण दाबलं.

रीडिंग: ५८, ६१, ५५, ६३, ६०, ५७. सरासरी ५९. तेल पास. मशीन बंद केलं.

खोलीत आम्ही पाच जण होतो. वाफ चौघांच्या तोंडातून येत होती.